बाबांच्या बुटाची नाडी

नऊ नंबर, चॅपलमागची आळी,
कूम हेलिग, वेल्स.

प्रिय मॉरविदताईस,

धाकट्या भावाचा, उजवा गुडघा वगळून बाकी सर्वांगाने नमस्कार.

तुझा खोकला कसा आहे? जेराल्ड भाऊजींच्या पोटाचं काय झालं? (नाताळच्या कार्डात तू "पोट अजून तसंच" एवढंच लिहिलं होतंस. त्यावरून दुखतंय की सुटलंय, ते काही कळलं नाही.) इकडे मी ठीक, माझे लीकचे, म्हणजे त्या जाड पातीच्या कांद्याचे, वाफे ठीक आणि त्यांवरच्या गोगलगाई आम्हा सर्वांपेक्षा ठीक. पाऊस आहेच. तो कधी नव्हता ते मला आठवत नाही, आणि ज्यांना आठवत होतं ती माणसं आता वर गेली.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. मला रग्बीत काडीचा रस नाही. मी गुरुवारी क्लबात जातो तो तिथे हीटर आहे म्हणून. आता हीटर खोलीच्या एका टोकाला आणि माझी खुर्ची दुसऱ्या टोकाला, दाराशी, हा भाग वेगळा. त्या खुर्चीमागचा इतिहास तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून पुन्हा ऐक, कारण पुढे तो लागणार आहे. तू जन्मलीस त्या हिवाळ्यात आपला क्लब नदीपलीकडे, इंग्लंडात खेळायला गेला होता. शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी. तेवढ्यात त्यांच्या एका गड्याने ड्रॉप गोल मारला, म्हणजे चेंडू हातातून जमिनीवर टेकवला आणि उसळता उसळता लाथेने दांड्यांमधून पार. त्याला आडवं करायला जो आपला दहा नंबर धावायला हवा होता तो, म्हणजे आपले बाबा, जागेवर नव्हते. "कुठे होतास रे?" असं गावाने बाबांना जन्मभर विचारलं आणि बाबांनी जन्मभर एकच उत्तर दिलं, "बुटाची नाडी बांधत होतो." तेव्हापासून ते "प्रॉसर नाडी", आणि मी तर पाळण्यातच "एमलिन नाडी" झालो. (तू लग्न करून आडनाव बदललंस. मला ती सोय नव्हती.) ज्याच्या बापाने नाडीपायी इंग्लंडला मॅच दिली, त्याला हीटरजवळ कोण बसवणार? मीही कधी तक्रार केली नाही. दारातून हवा चांगली येते.

तर गेल्या गुरुवारी क्लबात युद्ध पेटलं. इंग्लंडविरुद्धची मॅच तोंडावर आलेली, आणि आपल्या देशाच्या दहा नंबरची मांडी सरावात दुखावली. वेल्समध्ये पंतप्रधान आजारी पडला तर लोक फुलं पाठवतात. दहा नंबर आजारी पडला की झोप उडते. त्याच्या जागी कोण, यावर दोन तट. ईवॉर खाटीक म्हणतो, लानेथ्लीकडचा तो लाथा मारणारा पोरगा घ्या. टेकविन मास्तर (शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून बोलताना बोट वर) म्हणतात, कार्डिफचा पळणारा घ्या. संघ नीट दिसावा म्हणून त्यांनी तो टेबलावर मांडला. मागची फळी म्हणजे सॉसच्या आणि व्हिनेगरच्या बाटल्या, पुढचे आठ धिप्पाड गडी म्हणजे भरलेले ग्लास, चेंडू म्हणजे लोणच्यातलं अंडं, आणि वादाचं मूळ जो दहा नंबर, ती मोहरीची बरणी.

"चेंडू हातात ठेवला की चुका होतात," ईवॉर म्हणाला. "मारायची लाथ आणि द्यायचा त्यांच्या घरी पाठवून."

"मग पोस्टमन घ्या की संघात!" मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुमचा तो पोरगा आडवा पळतो, आडवा! त्याला सांगा, इंग्लंड समोर आहे, बाजूला नाही."

बारवरून डेलिथ ओरडली, "दोघांनाही घ्या आणि तुम्ही दोघं घरी जा! माझ्या बरण्या जाग्यावर ठेवा आधी." (ही तिची नेहमीची भाषा. गेली कित्येक वर्षं क्लब तीच चालवते. कमिटी आहे, पण ती फोटोपुरती.) वाद एवढा चढला, की ईवॉरने बोलण्याच्या भरात पुढच्या फळीतला एक गडी उचलून पिऊन टाकला. मास्तर म्हणाले, सात जणांनी खेळता येणार नाही. त्यावर ईवॉर म्हणाला, तुमचा दहा नंबर असताना आठांनी तरी कुठे येतं. मी आपला दाराशी. माझं काय जातं? माझ्या हातात गरम पाय होता (खिमा भरून भाजलेला, खायचा), तो मी खात होतो.

आणि मग मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं. ग्लॉस्टरचा एक नवा दहा नंबर आहे म्हणे, विलक्षण खेळतो, अजून कुठल्याच देशाकडून उतरलेला नाही आणि इंग्लंडवाले त्याच्यावर डोळा ठेवून आहेत. नाव हार्वी व्हिटकोम. मास्तर नाव वाचून थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "एमलिन, तुझी बहीण ग्लॉस्टरात व्हिटकोमांकडे दिली ना रे?"

मी म्हणालो, हो, तो तिच्या मुलीचा... म्हणजे मुलाचा मुलगा. (गडबडलो. तोंडात पाय होता.) पुढे काय झालं ते सांगवत नाही. ईवॉर खुर्चीवर चढला. "आजी!" तो किंचाळला. "आजी वेल्समध्ये जन्मलेली असली की नातवाला वेल्सकडून खेळता येतं! नियमच आहे! पण एकदा का इंग्लंडकडून उतरला की गेला, कायमचा गेला!" मग सगळा क्लब माझ्याभोवती. मला उचलून हीटरजवळ नेलं. खुर्चीसकट. ताई, तिथे खरंच ऊब असते. इतकी वर्षं मला वाटायचं, लोक उगाच सांगतात.

तेव्हापासून माझं आयुष्य पार बदललं आहे, आणि मी ते अलिप्तपणे पाहतो आहे. ईवॉरने घरपोच फॅगट, म्हणजे आपले ते खिम्याचे गोळे, पाठवले, वर मटारही. फाटकाची कडी कुणीतरी येऊन बसवून गेलं, कोण ते कळलं नाही. मास्तर आपल्या नऊ नंबरच्या घराच्या भिंतीवर दगडी पाटी लावायची म्हणतात, "वेल्सच्या दहा नंबरची आजी या घराच्या स्वयंपाकघरात जन्मली." हार्वीचं नाव एव्हाना "आपला हार्वी" झालंय. काल तर डेलिथच्या तोंडून चक्क "हार्वी प्रॉसर" आलं. पाटीसाठी चॅपलमध्ये वर्गणीची बशी फिरली, आणि पाद्रीबुवांनी गेल्या रविवारी "परक्या देशात वाढलेल्या लेकरांची घरवापसी" असा विषय घेऊन आम्हाला भरपूर रडवलं.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल, की अडचण कुठे आहे. गावाला माहीत आहे, की तू त्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या स्वयंपाकघरात जन्मलीस. पण बाबा थकले तेव्हा एकदा वाफ्यात बसून मला म्हणाले होते, "एमलिन, मॉरविद तिकडे झाली. इंग्लंडात. मैदानाच्या कडेच्या चहाच्या खोलीत." आई "अजून महिना आहे" म्हणत क्लबच्या बसमधून मॅच बघायला गेली होती, आणि उत्तरार्धात तिला कळा सुरू झाल्या. मी विचारलं, "आणि तुम्ही?" तर म्हणाले, "मी? मी मॅच पुरी केली. आंघोळ केली. मग मुलगी बघितली." ताई, मी तो वाफा संपेपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. बाळंतिणीला बसच्या मागच्या बाकावर निजवून आणलं आणि सगळ्या बसने शपथ घेतली, की ही पोर कूम हेलिगची, स्वयंपाकघरात झाली, विषय संपला. ती सगळी माणसं शपथ पाळून गेली. आता हे फक्त मला माहीत आहे, आणि आईने सांगितलं असेल तर तुला.

असो. माझं काय, मी मधला माणूस. भाऊजींना नमस्कार, हार्वीला आशीर्वाद, खोकल्याला मध.

तुझा धाकटा भाऊ,
एमलिन

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. कुणी फोन करून विचारलंच, की तुझा जन्म कुठला, तर "स्वयंपाकघर" एवढंच म्हण. कुणाचं ते सांगायची गरज नाही. चहाच्या खोलीतही ओटा असतो, म्हणजे ते एका परीने खोटंही नाही. (जन्माचा दाखला नावाची एक वस्तू असते, हे क्लबात अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. मीही सुचवणार नाही.) मी आग्रह करत नाही. फक्त हीटरजवळ माझा गुडघा फार बरा असतो.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. वाचला असशील तर विसर. पाकीट चिकटवून ठेवलं होतं, ते आज वाफेवर धरून उघडलं. काल संध्याकाळी क्लबात टीव्हीवर इंग्लंडचा संघ जाहीर झाला, आणि दहा नंबरला तुझा नातू! मग त्याची मुलाखत दाखवली. बाईने विचारलं, वेल्सकडून खेळायचा विचार नाही का केलास? पोरगा गोड हसला (आपल्या आईच्या हसण्यावर गेलाय, तुला दिसतं का ते?) आणि म्हणाला, "खेळता नाही येणार. माझी आजी इंग्लंडात जन्मली. पणजोबा मॅच खेळत होते, बरोबरी चालू होती. चहाच्या खोलीतून पणजीची हाक ऐकली आणि मैदान सोडून पळत गेले. बूट चिखलाचे, तसेच. आजीला पहिलं त्यांनीच हातात घेतलं. बदली गडी घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती, त्यांचा संघ चौदा जणांनी खेळला आणि शेवटच्या मिनिटाला हरला. पणजोबांनी गावात कधी सांगितलं नाही म्हणे."

ताई, म्हणजे नाडी नव्हतीच. मैदान का सोडलं हे सांगितलं असतं तर तू कुठे जन्मलीस तेही सांगावं लागलं असतं, म्हणून त्या माणसाने मरेपर्यंत "नाडी" ऐकून घेतलं. आणि तुला आईने खरं सांगितलं, मला मात्र बाबांनी सांगितलं, की आंघोळ करून आलो. माझ्यासमोर हळवं दिसायची लाज वाटली असेल. मी त्यांच्यावर उगाच डूख धरला. मला रडू आलं, लपवत नाही.

मी उठलो आणि आपणहून दाराकडची जागा गाठायला निघालो. पाटी गेली, हार्वी गेला, आता फॅगटही जाणार. मागून ईवॉरचा आवाज आला, पण तो माझ्याशी नव्हता. "मॅच चालू असताना दहा नंबर मैदान सोडतो? असा गडी मी संघात घेणार नाही!"

"मग मूल काय तू झेलणार होतास?" मास्तर गरजले.

"हाफ टाइमपर्यंत थांबवायचं होतं!"

"अरे बाबा, उत्तरार्ध चालू होता! आणि मूल कुणाच्या शिट्टीवर थांबतं?"

डेलिथ फडकं खांद्यावर टाकून बारबाहेर आली. "मी तर त्यालाच पहिला घेईन," ती म्हणाली, "आणि वर कप्तान करीन." झालं. बाटल्या पुन्हा टेबलावर, ग्लास पुन्हा रांगेत, आणि इंग्लंडविरुद्ध कोण खेळणार हे बाजूला ठेवून सगळा क्लब पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा संघ नव्याने निवडायला बसला. मोहरीची बरणी कधी टेबलावर, कधी टेबलाबाहेर. शेवटी हात वर करून मतं घेतली. बाबा एका मताने संघात आले. (ते मत ईवॉरचं. म्हणाला, डोळ्यांत मोहरी गेली म्हणून हात वर केला.) मग त्याने माझी बाही धरली. "कुठे निघालास रे नाड्या? बस इथे, हीटरपाशी." हाक तीच होती, पण पहिल्यांदाच ती ऐकून मला बरं वाटलं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. खेळाडूंना घरच्यांसाठी तिकिटं मिळतात असं ऐकतो. एखादं उरलं तर मला चालेल. इंग्लंडच्या पांढऱ्या कपड्यांतल्या तुमच्या मंडळींत बसावं लागलं तरी चालेल, वेल्सची गाणी म्हणणार नाही (पहिलं तरी म्हणणार नाही). रग्बीत रस नाही हे वर लिहिलंच आहे. मी बाबांच्या पणतूला बघायला येणार. आणि ताई, पोराला माझा एक निरोप नक्की दे. शेवटच्या मिनिटाला बरोबरी असली आणि ड्रॉप गोलसाठी चेंडू त्याच्याच हातात आला, तर त्याला म्हणावं, बाळा, जरा खाली वाक आणि बुटाची नाडी बांध.