करवंटीतल्या गोचड्या

बा, आज इथे महूच्या छावणीत साहेबाच्या शिकारी कुत्रीच्या नाकातून रक्त आलं, आणि तू आठवलास. तुला जाऊन आठ वर्षं झाली. इगतपुरी, खंडवा, मग इथे. कुठेच वर्षभर धड टिकलो नाही. आता कुत्री सांभाळतो. तू हसला असतास. माझ्या आधीपासून इथे एक म्हातारा हेच काम करतो. त्याला हाक मारून म्हटलं, हिला कुणी मारलं बघा. त्याने नाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मारा नहीं किसीने. कान देख." कानात गोचड्या, एरंडाच्या बियांसारख्या फुगलेल्या. आधी ताप, मग खाणं सुटतं, मग हे, असं म्हणाला. कित्येक गेली म्हणे त्याच्या हातची. मी तिथेच बसून एकेक उपटायला लागलो.

आपला कुत्रा, तांबडा, त्याच्या गोचड्या काढणं माझं काम होतं. मिठागरातलं मीठ ओढून झालं की एकेक उपटायची आणि करवंटीतल्या खाऱ्या पाण्यात टाकायची. तू बांधावर पाय धूत विचारायचास, "काढल्यास रं?" मी करवंटी पुढे करायचो. खाऱ्या पाण्यात गोचीड नासत नाही, बा. आठ-दहा दिवस मी तुला त्याच गोचड्या दाखवल्या. मला खाडीच्या पुलावरून जाणारी गाडी बघायला पळायचं असायचं.

मग तांबडा भाकर सोडतो, दोन दिवस पडून राहतो, आणि तिसऱ्या सकाळी नाकातून रक्त. तू कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरतोस, माणसाला धरतात तसा. तो तोंड फिरवतो. शेजारच्या वाफ्यात काका. तांबडा त्याच्या मिठाच्या राशीवर झोपायचा म्हणून त्याने एकदा ढेकूळ फेकलेलं, तेच तुझ्या डोक्यात.

"मुक्या जनावराच्या थोबाडावर दांडा घातलास?"

"दादा, मी हात नाय लावला त्याला. तुझी आण."

"माझीच आण घे वर."

मी हातात करवंटी घेऊन उभा होतो. संध्याकाळपर्यंत तांबडा गेला. खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी तुम्हा दोघांची एकच. त्यानंतर ती तुम्ही एकमेकांकडे पाठ करून उघडायचात. वर्षभर. आणि शेवटच्या तापात तू म्हणालास, त्याचा खांदा मला नको. मी तुझा शब्द पाळला. काका पुढे आला तेव्हा मीच म्हणालो, "नको काका." तो बाजूला झाला. सगळे निघाले तरी तो बांधावर तसाच उभा. महिन्याभरात मी घर सोडलं.

गोचड्यांनी रक्त येतं हे मला कुठे ठाऊक होतं, असं आज दिवसभर मनाला सांगतोय. पण तांबडा गेला त्या संध्याकाळी मी ती करवंटी खाडीत फेकली होती. ठाऊक नव्हतं तर फेकली कशाला?

काका अजून आहे. गावचा एक जण भेटलेला, सांगत होता, त्याला आता दिसतं कमी. हे खरं तर त्याला लिहायचं. कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं त्याने. तुला लिहिलं, कारण तुला कुणी वाचून दाखवणार नाही.