टायरला एरंडेल

बाबा, काल दुकानावर एक मुलगा आला होता. मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला, पण माझ्या वयाला आता सगळे मुलगेच. त्याची गाडी इतकी बुटकी, की आपल्या नाक्यावरचा गतिरोधक ओलांडताना पोट खरवडलं गाडीचं आणि 'आई गं' ओरडला तो. म्हणाला, "आजी, वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाऊन शर्यतीसारखी पळवतो. एरवी रोजचं ऑफिस. टायर कुठले घालू?" मला हसूच आवरेना. तो बिचारा गोंधळला. त्याला काय माहीत, की हाच प्रश्न साठेक वर्षांपूर्वी कापडे गावातल्या आपल्या अंगणात येऊन उभा राहिला होता, आणि त्यात माझा हात होता. चांगला कोपरापर्यंत.

तो शिमगा मला लख्ख आठवतो. तुम्ही मुंबईला शेठकडे ड्रायव्हर. वर्षातून दोनदा घरी यायचात, तेही एस.टी.नं, आणि पोलादपुरापासून पुढे पायी. त्या वर्षी मात्र लाल, बिनटपाची मोटार धुरळा उडवत अंगणात येते आणि तिच्यातून तुम्ही उतरता! शेजारच्या सीटवर दोन चाकं दोरीनं बांधून बसवलेली, आणखी दोन मागच्या बाजूला आवळलेली. आई दारात येते, मोटारीकडे बघते, चाकांकडे बघते आणि म्हणते, "मला कधी बसवलंन नाय शेजारी, नि ही बघा कशी ऐटीत बसल्यात." तुम्ही इतके हसलात, की दोर सोडायचाच राहिला.

जेवताना तुम्ही सगळं सांगितलंत. ही मोटार रोज शेठना पेढीवर नेणारी, पण वर्षातून दोन-तीनदा विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत धावणारी. तिला घातलेले टायर खोल नक्षीचे, रस्त्याचे. बांधून आणलेले मऊ रबराचे, खास शर्यतीचे, नवेकोरे. शेठ म्हणाले होते, गावी जा, दोन्ही जोड वळणावळणाच्या रस्त्यावर चालवून बघ, तू सांगशील ते घालू. शेठचे मित्र मात्र हसले होते. कोकणातल्या गड्याला टायरमधलं काय कळतं, चांगला शिकलेला मेकॅनिक ठेवा, म्हणाले होते. म्हणजे तुमचा शब्द चुकला असता तर ती मोटार दुसऱ्याच्या हाती जाणार होती. तुम्ही हे हसत सांगितलंत खरं, पण ताटातला भात तसाच होता, आणि नऊ वर्षांची असले तरी ते मला दिसलं. तुमचा जीव शर्यतीच्या टायरांवर. जेवण झाल्यावर माझं बोट धरून रबरावर टेकवलंत. "नख लाव गो. बघ, रुततंय का नाय? ह्याला ग्रिप म्हणत्यात."

मला ते नव्या वहाणेसारखं लागलं. आपल्या घरचं शास्त्र असं, की नवी वहाण आधी दोन दिवस एरंडेल पिते आणि मग पायात जाते, नाहीतर चावते. तुमच्या वहाणांना तेल पाजायचं काम माझंच होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही रस्त्याचे टायर चालवून खुशीत परत आलात, चाकं बदललीत आणि आंघोळीला गेलात. संध्याकाळी पालखी दारात यायची म्हणून आई सारवायला बसलेली. मी एरंडेलाची वाटी घेतली आणि चारही टायरांना पोटभर पाजलं. मग फडक्यानं पुसून काढलं. काय चकाकले म्हणून सांगू! पालखी आली, आईनं देवाची ओटी भरली, मोटारीलाही हळदकुंकू लावलं, आणि वाडीनं कौतुक केलं ते टायरांचं. तुम्ही म्हणालात, "नवा माल हाय, चमकणारच." मी आतून टम्म फुगलेली.

सकाळी तुम्ही मला शेजारी बसवून निघालात. गावाबाहेरचं पहिलं वळण पाव मैलावरसुद्धा नाही. आदल्या दिवशी तिथे मोटार सुतासारखी वळली होती. आज ती वळलीच नाही. बांधावरून उतरली, काकीच्या वालाच्या शेतात शिरली, तिथे एक गिरकी घेतली आणि गावाकडे तोंड करून उभी राहिली. आपल्याला ओरखडाही नाही. काकी विळा घेऊन धावत आली. "काय रे, वाल खुडाया मोटार आणलीस व्हय?" तुम्ही स्टीअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागलात, मग मी, मग काकी. हसू ओसरल्यावर तुम्ही उतरलात, वाकून चाकाला हात लावलात आणि बराच वेळ तो हात पँटीला पुसत राहिलात. मी वालाच्या शेंगा मोजत होते.

दुपारी तुम्ही मोटार घेऊन एकटेच कुठेतरी गेलात आणि हसतमुखानं परतलात. संध्याकाळी आईची ओरड सुरू झाली, की न्हाणीतली शिकेकाई कुणी संपवली? तुम्ही कौलांकडे बघत बसलात. मुंबईला परत निघताना मोटारीला रस्त्याचेच टायर होते. शेठना तुम्ही काय सांगितलंत ते पुढे मी हजारदा ऐकलं. "शेठ, शर्यत दोन दिसांची. बाकीचं वरीस ह्याच गाडीनं घरी यायचं हाय. घरी आणणारा टायर निवडा." पुढच्याच शर्यतीत शेठ दुसरे आले. बाकीचे चाकं बदलता बदलता घामाघूम, आणि शेठ ज्या टायरांवर धावले त्याच टायरांवर जेवायला घरी. मोटार तुमच्याच हाती राहिली. हसणारे मित्र टायर विचारायला तुमच्याकडे येऊ लागले, आणि त्या नावावर महाडच्या नाक्यावर आपलं दुकान उभं राहिलं.

त्या वर्षी गणपतीला तुम्ही माझ्यासाठी मुंबईहून नव्या वहाणा आणल्यात, लाल पट्ट्यांच्या. देताना चेहरा अगदी मख्ख. "तेल ह्यांनाच लावायचं गो." आई म्हणाली, "ह्यांना नाय तर आणि कशाला लावंल?" तुम्ही चहा मागितलात. दुकानात गिऱ्हाइकांना शेतात शिरल्याची गोष्ट रंगवून सांगायचात, पण तेलाचं नाव कधी काढलं नाहीत. शिकेकाईनं धुतल्यावर ते टायर त्या वळणावर कसे वळले, हेही कधी सांगितलं नाहीत. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

कालच्या मुलालाही मी रस्त्याचेच टायर दिले, तुमच्याच शब्दांत. "नक्की ना, आजी?" म्हणाला. मी म्हटलं, "आमच्या बाबांनी शेतात जाऊन खात्री केलीय." तो खूश होऊन गेला. हे पत्र घालणार तरी कुठल्या पेटीत? हवा मोजायचा गेज ज्या खणात असतो, तिथेच ठेवते. तर बाबा, ते एरंडेल मी लावलं होतं. तुम्हाला ठाऊक आहे, हे त्या वहाणा हातात घेतानाच मला कळलं. मी त्यांना तेल लावलंच नाही. तुमच्यासमोर वाटी हातात घ्यायची लाज वाटली. आठवडाभर चावल्या. लंगडतेस का म्हणून तुम्ही विचारलंत, तेव्हा मी सांगितलं, पायात काटा रुतलाय.