लोकरीचा फुलोरा

१२ जुलै २०१५, रविवार

झालं! वहिनींनी शेवटी बोलूनच टाकलं. फोनवर, आणि तेही ह्यांच्याशी. मी समोरच बसलेली, पण मला द्यायचा नाही फोन! "व्यंकटराव, तुमच्याकडे यंदा शेवटचं. पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या पुण्याला. उमाचा हात असा, तिथं पाण्याची बोंब, चाळीस पानांचा स्वयंपाक कोण करणार?" हे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

बरोबर आहे म्हणे!

हक्क त्यांचाच, नाही कोण म्हणतंय? थोरली जाऊ आहे. पण सासूबाई औरंगाबादला राहिल्या म्हणून मुखवटे इथं राहिले, आणि त्यांच्यामागं सगळं मीच करत आले. मला मुलगी नाही. भादव्यात तीन दिवस ह्या दोघी येतात, लेकी माहेरी याव्यात तशा, पुढ्यात त्यांची बाळं बसतात. त्या पुण्याला गेल्या की माझ्याकडे कोण येणार?

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. असू दे, कुणाला वाचायचंय!

१५ जुलै

फिजिओवाली चारुता आली होती. पोरगी गोड आहे, पण तो रबरी चेंडू! "दाबा काकू, अजून दाबा." मार्चात उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून दाबतेच आहे. ती गेल्यावर दिला फेकून. कपाटाखाली गेला. राहू दे तिथंच.

१९ जुलै

हे काठीनं चेंडू काढायला गेले आणि कपाटाखालून माझी क्रोशाची पिशवी निघाली. धूळ, कोळ्याची जाळी आणि त्यात नारिंगी लोकर. जाड सुई उजव्या हातात धरून पाहिली. पडली. परत धरली. परत पडली. पण चेंडूचा येतो तसा राग नाही आला.

२ ऑगस्ट

ताटाखालचा रुमाल विणायला घेतला होता. गोल नीट बसेना, टाके कमी-जास्त पडले आणि कडा वर उचलली गेली. चिडून अर्ध्यात दुमडला, तर वच्छलाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "अगं बया! करंजी केली की बाई तुम्ही!"

खरंच करंजी. हुबेहूब! मी इतकी हसले की हे बाहेरून धावत आले, त्यांना वाटलं परत काहीतरी झालं.

९ ऑगस्ट

ठरलं. यंदा फुलोरा लोकरीचा!

दरवर्षी करंज्या, साटोऱ्या, वेणी, फणी तळायची, दोऱ्याला बांधून मुखवट्यांच्या डोक्यावर टांगायची. यंदा लाटणं धरवत नाही आणि तेलाच्या कढईपाशी हे मला फिरकू देत नाहीत. स्वयंपाकाला बाई मिळेल, पण फुलोरा घरच्या बाईच्याच हातचा लागतो. मग माझ्या हातचाच होईल. वहिनींनी यावं आणि डोळ्यांनी बघावं की उमाचा हात चालतो. मग बोलावं पुण्याचं!

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "देवीला लोकर खाऊ घालणार?" म्हटलं, तुम्ही गप गुंडा धरा लोकरीचा.

धरला.

२३ ऑगस्ट

टँकर दोन दिवस आला नाही. समोर सात मजल्यांची बिल्डिंग उभी राहिलीय, तिथले लोकही आता आमच्याच रांगेत ड्रम घेऊन. त्यांची बोअर आटली, आमची कधीच आटलेली. गर्दीत बाया एकमेकींवर खेकसतात आणि मी खिडकीत बसून साटोरी विणते. लाज वाटते कधी कधी.

फणीचे दात लुळे पडत होते. भाताची पेज होती ती टाकायची नाही म्हटलं, तिच्यात फणी बुडवली आणि गच्चीवर वाळवली. दात ताठ! ह्या उन्हाचा एवढा तरी उपयोग. आमचा मुलगा देवेश शेंद्र्याच्या कंपनीतून येताना गुलमंडीवरून पिवळी लोकर घेऊन आला. दुकानदारानं विचारलं, स्वेटर कुणाचं? हा म्हणाला, "स्वेटर नाही, तळण आहे."

३० ऑगस्ट

करंजीची मुरड जमत नाही. विणली, उसवली. परत विणली, परत उसवली. बोटं ऐकतच नाहीत मेली. आज रडले.

३१ ऑगस्ट

जमली!! एका टाक्यात पाच खांब, म्हणजे उंच टाके, घालायचे, की कडा आपसूक वळते. चारुतानं माझा हात हातात घेऊन बघितला. "काकू, चेंडूचं राहू द्या. तुम्ही करंज्याच करा."

१९ सप्टेंबर, शनिवार

वहिनी आल्या. सोबत रिकामी पेटी, आत कापसाच्या गाद्या. मुखवटे न्यायला! दारातच दिसली.

चहा झाल्यावर फुलोरा दाखवला, मुरडीला एका टाक्यात पाच खांब कसे घातले तेही सांगितलं. करंज्या, वेण्या, फण्या, लाल टिकल्यांच्या साटोऱ्या, सगळं सुपात मांडलेलं. वहिनींनी चष्मा लावला. एक करंजी दाबून पाहिली.

"देवापुढं भातुकली मांडणार होय गं?"

मी म्हटलं, "बाळं आहेत की त्यांची. खेळतील."

"जीभ काही लुळी पडली नाही तुझी!"

ह्यांना हसू आलं. वहिनींना नाही. म्हणाल्या, "शेवटचंच वर्ष आहे. टांग काय टांगायचं ते." हाताबद्दल एक अक्षर नाही. एवढं केलं, आणि एक अक्षर नाही!

२१ सप्टेंबर

आज जेवल्या माझ्या लेकी. काय देखण्या दिसत होत्या! पितळी मुखवटे वहिनींनीच चिंचेनं घासून लख्ख केलेले, वर माझा फुलोरा, पंख्याच्या वाऱ्यानं हळूहळू फिरणारा. दरसाल दोऱ्यावरून मुंग्यांची रांग लागते, यंदा एक मुंगी नाही. सोळा भाज्या, पुरण, आंबील सगळं झालं. स्वयंपाकाच्या बाईनं केलं, पण आंबील मी ढवळली. उजव्या हातानं.

बाया येत होत्या, माना वर करून बघत होत्या. "अय्या, लोकरीचं?" वहिनी कोपऱ्यातून ऐकत होत्या. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं नाही.

२२ सप्टेंबर

काय बाई आहे मी! उभा जन्म महालक्ष्म्या केल्या आणि हे ध्यानात येऊ नये?

संध्याकाळी अक्षता टाकून लक्ष्म्या हलवल्या. गल्लीतल्या बाया ओळीनं उभ्या, पदर पुढे केलेले. फुलोरा उतरवून वाटायचा असतो ना! प्रसाद! आणि वर टांगलेली सगळी लोकर. दीड महिना खपले, कडा वळली का बघितली, दात ताठ झाले का बघितले, पण हे लोक खाणार काय, हे काही सुचलं नाही. वहिनींकडे बघितलं. त्यांनी तोंडाला पदर लावलेला. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

वच्छलाबाई सगळ्यांत पुढं. "द्या की बाई माझी करंजी! दरसाल देता."

"वच्छलाबाई, अगं ती खायची नाही."

"व्हय, ठावं हाय मला. खाल्ली की संपती. ही दाराला टांगीन, सालभर राहील."

मग काय! कात्री घेतली आणि एकेक कापून देत सुटले. कुणी वेणी मागते, कुणी म्हणते मला लाल टिकलीची. समोरच्या बिल्डिंगमधल्या, टँकरपाशी खेकसणाऱ्या, त्याही आल्या. हसत होत्या सगळ्या. मीही हसले, खूप दिवसांनी इतकं. हातात नुसता दोरा उरला तेव्हा पाहिलं, रांगेच्या शेवटी वहिनी उभ्या. पदर पसरून.

त्यांच्यासाठी काहीच उरलं नव्हतं.

"असू दे," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला फार वाईट वाटलं. कितीही बोलल्या तरी थोरल्या आहेत.

२३ सप्टेंबर

वहिनी गेल्या. पेटी त्यांनीच भरली, आतून दार लावून. "तू बस, उठू नकोस." मी तरी कुठं बघू शकले असते? रिक्षात पेटी ठेवताना ह्यांनी डोळे पुसले, मला दिसलं. 'बरोबर आहे तुमचं' म्हणणारे हेच!

कोनाडा मोकळा. जेवण गेलं नाही.

२४ सप्टेंबर

लक्ष्म्यांच्या साड्या घडी करून कपाटात ठेवायला गेले. खालच्या फळीवर वहिनींची पुण्याची शाल, गुंडाळलेली. उघडली. आत दोघी! पितळी, लख्ख, माझ्याकडे बघत. बाळंही शेजारी.

पिवळी लोकर आणि जाड सुई मात्र कुठंच नाही.

फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "अगं, पुण्यात माझ्या दारात पदर पसरायला कोण येणार? राहू देत तिथंच. माझ्या वाट्याची करंजी राहिलीय, ती मी करून आणते पुढच्या वर्षी. ते पाच खांब एकाच टाक्यात घालायचे ना गं?"