मुंडी नसलेली गिटार, काळी तीन आणि काळी चार

५ मार्च २००६, रविवार

गिटार घेतली. सेकंडहँड, पण हेडलेस. म्हणजे वरची मुंडी, जिथे चाव्या असतात, ती नाहीच. चाव्या खाली ब्रिजला, जिथे तारा अडकवतात. आणि ब्रिज ट्रेमोलोचा. दांडी दाबली की अख्खा ब्रिज झुलतो आणि सूर लहरतो. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात अशी दुसरी नसावी.

विकणाऱ्या उल्हासनगरच्या परमानंद सेठला विचारलं, काही प्रॉब्लेम तर नाही ना. तो म्हणाला, साईं, जिसकी मुंडी ही नहीं, उसका सिरदर्द कैसा. मुद्दा पटला.

१४ एप्रिलला विहाराच्या मैदानात जयंतीचा कार्यक्रम. गेल्या वर्षी धोंडिबाकाकांचं गाणं संपलं, कौसाबाईंचं सुरू व्हायचं होतं आणि मी मध्ये गिटार लावत होतो, तेवढ्यात पब्लिक चहा पिऊन घरी गेलं, असं काकांचं म्हणणं. सगळं नव्हतं गेलं. पण काका आमच्या गायन पार्टीचे प्रमुख. यंदा त्यांनी सांगून टाकलंय, की गिटार वेळेत लागली नाही तर गाण्यांमधले गिटारचे पीस प्रीती कीबोर्डवर वाजवेल. काकांच्या उजव्या हाताची जागा माझ्या लग्नाच्या आधीपासून माझी आहे. ती मी सोडणार नाही.

संकल्प: रोज एक तास रियाज.

७ मार्च

रियाज नाही. कारण टेक्निकल.

माझी पद्धत अशी. काका काळी तीनच्या पट्टीत गातात, कौसाबाई काळी चारच्या. मी काकांसाठी सहाही तारा अर्धा सूर खाली लावतो, बाईंसाठी अर्धा सूर वर. मग दोघांनाही माझ्या त्याच तीन कॉर्ड चालतात. काही लोक पट्टी बदलली की कॉर्ड बदलतात किंवा दांड्यावर क्लिप लावतात. तो शॉर्टकट. माझ्या कॉर्ड तीनच आहेत पण पक्क्या आहेत.

आज पहिली तार वर लावली तर बाकीच्या पाच उतरल्या. त्या चढवल्या तर पहिली उतरली. ब्रिज मागच्या स्प्रिंगांवर तरंगतो ना, खाटेवर सहा पाहुणे बसवल्यासारखं आहे. एक हलला की सगळे घसरतात.

घाबरण्यासारखं काही नाही. मी एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो. स्प्रिंग मला नवीन नाहीत.

१० मार्च

सायबर कॅफेत बसून माहिती काढली. इंग्रजीत बरंच होतं. वरवर वाचलं. निदान: स्प्रिंग ढिल्या. एका माणसाने लिहिलं होतं की ज्याला सारखी पट्टी बदलावी लागते त्याने असला ब्रिज घेऊच नये. तो अमेरिकेत बसून बोलतोय. त्याला काळी चार काय कळणार.

१२ मार्च, रविवार

परमानंद सेठकडे गेलो. गिटारच्या स्प्रिंग नाहीत म्हणाला. मग गल्लीतच एका हार्डवेअरवाल्याकडे त्याच मापाच्या मिळाल्या. कशाच्या आहेत विचारलं तर म्हणाला, सबमें लगती है. अशीच वस्तू घ्यावी.

१५ मार्च, धुळवडीची सुट्टी

लोक रंग खेळले, मी स्प्रिंग बसवल्या. पहिली निसटून कपाटावरच्या स्टीलच्या डब्यावर आदळली. संध्या आतून म्हणाली, अहो, डोळे सांभाळा. गिटारबद्दल एक शब्द नाही.

स्प्रिंग जरा कडक निघाल्या. ब्रिज मागे बसला, तारा दांड्याला टेकल्या आणि प्रत्येक सुराला पत्र्याचा आवाज येतोय. पण ब्रिज हलत नाही. म्हणजे अर्धं काम फत्ते.

१९ मार्च, रविवार

प्रॅक्टिस. काकांचं गाणं ठीक. मला पत्रा ऐकू आला, बाकीच्यांना नसावा. काकांनी दोनदा मागे वळून पाहिलं, ते कौतुकाने असेल.

मग कौसाबाई. मी तारा चढवायला घेतल्या. पहिली तुटली. ती तुटल्याबरोबर ब्रिज मागे ओढला गेला आणि उरलेल्या पाचही वर चढून बसल्या, त्याही वेगवेगळ्या ठिकाणी. कौसाबाई पदर सावरून बसल्या होत्या. म्हणाल्या, बालाजीभाऊ, तुमचा बाजा आदी लागतो का मी आदी म्हातारी व्हते, बघू. सगळे हसले. मीही हसलो. मला राग आला होता.

तोवर प्रीतीने कीबोर्डचं एक बटण दाबलं आणि काळी तीनची काळी चार झाली. ट्रान्सपोज म्हणतात म्हणे. मुलगी हुशार आहे, अंबरनाथच्या शाळेत शिकवते. पण बटण दाबणं ही काही कला नव्हे.

२२ मार्च

संध्याने विषय काढला. म्हणाली, अजून दिवस आहेत, प्रीतीकडून आणखी चार कॉर्ड शिकून घ्या. ती नाही म्हणायची नाही. मग तारांना हातच लावायला नको.

मी शांतपणे समजावलं की शिकायला वेळ कुठे आहे, सगळा वेळ दुरुस्तीत जातो. ती भाकऱ्या करायला उठून गेली. तिला पटलं असावं.

२६ मार्च, रविवार

मूळ दोष सापडला. जुन्या स्प्रिंग परत लावल्या तेव्हा दिसलं. ब्रिज दोन खिळ्यांवर टेकतो, तिथे त्याला कड आहे. ती मला बोथट वाटली. कंपनीतून आणलेल्या कानशीने दोन्ही बाजूंना झकास धार काढली.

आता दांडी दाबून सोडली की ब्रिज परत येतो, पण त्याच्या मनाला येईल तिथे. दोन्ही बाजूंची धार थोडी वेगळी झाली असेल. सरळ करायला आणखी घासलं. आता आणखी वेगळी.

३० मार्च

काहीही लागत नाही. जेवताना संध्यावर उगाच ओरडलो. भाजीत मीठ बरोबर होतं.

२ एप्रिल, रविवार

आज गिटार उत्तम वाजली. लोडशेडिंग होतं, त्यामुळे अँप बंद. पण हाताला कळतं. आता फक्त लाईट असताना असंच वाजायला हवं.

६ एप्रिल

परमानंद सेठला म्हटलं, परत घे. त्याने कड पाहिली आणि विचारलं, साईं, इसको किसने काटा. मी म्हटलं, पहलेसेच था. त्याने मलाच चहा पाजून परत पाठवलं. सहानुभूती मला सहन होत नाही.

९ एप्रिल, रविवार

शेवटची प्रॅक्टिस. काळी तीन लागली नाही. काळी चार लागली नाही. मधली पांढरी लागली, ती कोणालाच नको होती. कौसाबाईंनीसुद्धा टोमणा मारला नाही, त्याचं जास्त लागलं.

वाटलं, गेली जागा. पण घरी निघताना काकांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, बालाजी, तू ये. तुझ्या जागेवर उभा राहा. वायरचं, आवाजाचं टेन्शन घेऊ नको, साउंडवाल्याला मी सांगितलंय. फक्त मध्ये थांबून तारा लावत बसू नको. वाजवत राहा.

शेवटी अनुभवाला किंमत आहे. काका माणूस ओळखतात.

१४ एप्रिल, शुक्रवार, सकाळ

पांढरा शर्ट इस्त्री केला. गिटार पुसली. ब्रिजला हात लावलेला नाही. विश्वास हवा.

१५ एप्रिल, शनिवार

काय लिहू. कालची गिटार म्हणजे गिटार होती. साउंडवाल्याने स्वतः वायर लावून दिली आणि पहिल्या पीसपासून आवाज स्वच्छ. पत्रा नाही, घसरणं नाही. काकांच्या काळी तीनमध्ये बरोबर. आणि खरी कमाल पुढे. कौसाबाई उभ्या राहिल्या, मी एकही चावी फिरवली नाही, तरी माझ्या त्याच तीन कॉर्ड काळी चारमध्ये वाजल्या. ब्रिज सेटल झाला असणार. धार काढल्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. सायबर कॅफेत जाऊन त्या अमेरिकनला कळवायला हवं.

मधल्या एका पीसला मी जरा उशिरा सुरू केलं, पण ऐकताना तो वेळेवर वाटला. स्पीकरचा काहीतरी गुण असतो.

पब्लिक शेवटपर्यंत बसून. लोक येऊन हात मिळवत होते, यंदा गिटार जमली म्हणत होते. प्रीतीनेही म्हटलं, दादा, छान उभे होता. नवीन पिढीला नेमका शब्द सापडत नाही.

संध्याला विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, छान. एवढंच. बायकांच्या बाजूला गलका असतो, नीट ऐकू आलं नसेल.

१६ एप्रिल, रविवार

मैदानात आवरायला गेलो. खुर्च्या रचल्या, पडदे सोडले. साउंडवाला म्हणाला, भाऊ, तुमच्या बाजूची वायर गुंडाळून द्या.

गुंडाळत गेलो. माझ्या जागेपासून सतरंजीखाली गेली होती. सतरंजी उचलली. हातभर पुढे वायर संपली. टोक मोकळं. जवळपास लावायला काही नव्हतंच.

तिथेच बसलो. प्रीतीच्या कीबोर्डची वायर मात्र कार्यक्रमात थेट मिक्सरला होती, ती साउंडवाल्याने आधीच गुंडाळून ठेवली होती. म्हणजे लोकांनी ऐकली ती गिटार तिने वाजवलेली. संध्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असणार. फार वाईट वाटलं. लहान मुलाला गाडीत खोटं स्टिअरिंग देतात तसं केलं माझं.

काका बांबू मोजून घेत होते. माझ्या हातातली वायर त्यांनी पाहिली. पहिल्यांदा नजर वळवली, मग येऊन शेजारी सतरंजीवर बसले. म्हणाले, तुझ्याशिवाय उभं राहायची सवय नाही रे मला. उजवी बाजू रिकामी दिसली की सूर हलतो. मी वायर गुंडाळत राहिलो. मग विचारलं, पुढच्या वर्षी यायचं का. काका म्हणाले, ये ना. फक्त ती गिटार दुरुस्त करू नको.

मी बरं म्हटलं.