सात वाजताची कुस्ती

२ मार्च
शहाद्याहून दोन सेट-टॉप बॉक्स आणले. एक आपल्याला, एक समोर चुलतभाऊ हिलालभाऊकडे. एकाच कंपनीचे. भाऊबंदांत फरक नको, ही आयडिया माझी. पंख्यांच्या वेळीही असंच केलं होतं.

५ मार्च, संध्या. ७.१०
बातम्या ऐन रंगात आणि टीव्ही आपोआप भजनावर. परत बातम्या लावल्या. परत भजन. बायको चेतना म्हणते, "पयले सेल बदला." सेल संपले तर रिमोट बंद पडतो, भजन लावत नाही. चेतनाला टेक्निकल कळत नाही.

६ मार्च
पुन्हा. सातलाच. बोळापलीकडे हिलालभाऊची खिडकी उघडी. बोळ सहा फुटांचा. त्याचा रिमोट आपल्या बॉक्सला चालणारच. खिडकीशी धनुकाकूंची खाट असते. म्हणजे हा आईच्या आड बसून करतो. सकाळी चहा देताना हसला होता. कारखान्याच्या टाइम ऑफिसात लोकांचे उशीर मांडत एकतीस वर्षं काढलीत, हसणं ओळखतो.

७ मार्च
निर्धार. त्याच्या ओट्यावरचा सकाळचा चहा बंद. चाळीस वर्षांचा होता. कारण विचारलं तर अ‍ॅसिडिटी.

९ मार्च
खिडकीला युरियाची गोणी लावली. बायकोने काढली. उकडतं म्हणे.

१० मार्च
आता माझी पाळी. सातला खिडकीतून रिमोट धरून त्याच्या टीव्हीवर कुस्ती लावली. मुद्दाम कुस्ती. काका गेल्यापासून त्या घरात कोणी बघत नाही. लागली! आपल्याकडेही लागली. ते नंतर बघू.

१४ मार्च
रोज सातला कुस्ती. हिलालभाऊ गप्प. गुन्हेगार असाच गप्प असतो. बायकोला मात्र दोनदा विचारलं, "हेमकांत का बरं येत नही?" माहिती काढतोय.
घरचा चहा गोड लागत नाही. साखर तीच आहे.

१६ मार्च
हिलालभाऊ स्वतः आला. थर्मासमध्ये चहा. मी पुराव्याची वही घेऊन तयार. तो म्हणाला, "भजन लावाले आई रिमोट उलटा धरस, कितला सांगो तरी."
उलटा. म्हणजे तोंड आपल्या खिडकीकडे. वही मांडीखाली घेतली.
मग म्हणाला, हसू नको, पण आठवडा झाला, बरोबर सातला आपोआप कुस्ती लागते. आई म्हणते, तुझे बाबा आले. वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवते. "मेकॅनिकले बलावू का?"
मी म्हटलं, नको. असल्या गोष्टीत हात घालू नये.
त्याचे डोळे भरून आले. माझेही. अ‍ॅसिडिटी.

१७ मार्च
सकाळचा चहा सुरू. दोन कप घेतले.
संध्या. ७.०० खिडकीत हजर. बातम्या आता कायमच्या बंद, बायको हसते. बटण दाबलं, काही नाही. सेल संपलेले. बायकोने भिंतीवरच्या घड्याळातला एक आणि टॉर्चमधला एक काढून दिला. ७.०४ ला कुस्ती लागली.
पलीकडून धनुकाकूंचा आवाज आला, "आज उशीर व्हयना तुमले."
एकतीस वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं.
उद्या सेल आणणे. चार जोड्या.