विषुववृत्ताचं सर्टिफिकेट

९ फेब्रुवारी १९४२. पहाटे ५.
फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या बंदरातून निघालो. अतिगुप्त मोहीम. म्हणून ही रोजनिशी फक्त माझ्यापुरती.

बोट शिडाची, मच्छीमारीची. खरं नाव 'एल्फ्रीडे'. वर रंगवलेलं नाव 'साओ ब्राझ', झेंडा पोर्तुगालचा. पोर्तुगाल युद्धात नाही, त्यामुळे इंग्रज आमच्याकडे ढुंकून बघणार नाहीत. इंजिनाचा धूर नाही, आवाज नाही. काम सोपं: ल्यूडिके नावाच्या हेराला आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर उतरवायचं आणि मुकाट्याने घरी यायचं. मोहीमप्रमुख मी, लेफ्टनंट एगबर्ट वीप्रेख्ट. बर्लिनच्या ऑफिसात अकरा वर्षं सागरी नकाशे सांभाळलेत. समुद्र मला तोंडपाठ आहे. परतलो की प्रमोशन, आणि तेही मेहुण्याच्या आधी.

सकाळी ९.
उलटी. लाटांमुळे नव्हे. कालचं सॉसेज शिळं होतं.

११ फेब्रुवारी.
बोटीचा तांडेल ओनेन हा पूर्व फ्रिसलंडचा म्हातारा कोळी. मला साहेब म्हणतो, पण अशा सुरात की त्यापेक्षा शिवी बरी. आज त्याने सगळ्यांचे जर्मन कागद गोळा करून समुद्रात टाकले. पत्रं, बायकांचे फोटो, तंबाखूच्या डब्यावरचं लेबलसुद्धा. म्हणाला, एक चिठोरं सापडलं तरी आपण सगळे गेलो. माझीही बॅग उचकली! रोजनिशी मी विजारीत खोचून उभा होतो, त्यामुळे वाचली. नियम उत्तम आहे, खलाशांना हवाच असा. मोहीमप्रमुखाची रोजनिशी हा कागद नव्हे, ती जबाबदारी आहे.

१९ फेब्रुवारी.
ओनेन दिवसातून तीनदा, फ्रिसलंडच्या रीतीने, खडीसाखर घालून चहा ढोसतो. पोर्तुगीज कोळी असा चहा पितात का? हा चहाच एक दिवस आम्हाला पकडून देणार. त्याला लेखी समज दिली. त्याने ती वाचली, चुलीत घातली आणि तिच्यावर चहाचं आधण ठेवलं.
संकल्प: उद्यापासून बोटीवर शिस्त.

२६ फेब्रुवारी.
शिस्त लागली. पहाटे डेक घासून आरशासारखा केला. धुतलेले कपडे दोरीवर मापाप्रमाणे लावून घेतले, डावीकडे मोठे, उजवीकडे लहान. दुपारी इंग्रजांचं विमान आलं आणि डोक्यावर दोन घिरट्या घालून गेलं. ओनेनने धावत जाऊन दोरीच खाली ओढली आणि स्वच्छ डेकवर माशाच्या आतड्यांची बादली उपडी केली. वर मलाच विचारतो, साहेब, कोळ्याच्या बोटीवर चड्ड्या कवायतीला उभ्या राहतात का?
चौघे खलाशी फिदीफिदी हसले.
विमान गेलं ते मी शांतपणे हात हलवला म्हणून. रिपोर्टात तसंच लिहीन.

५ मार्च.
ओनेनशी बोलणं बंद. त्याच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही.
आचारी उब्बोने सांगितलं की ओनेनचा मुलगा गेल्या वर्षी सुरुंग काढणाऱ्या बोटीसकट बुडाला. आमचे चौघे खलाशी, उब्बो धरून, ओनेनच्याच गावचे. बटाटे काढायच्या आत पोरं परत आणतो, असं तो चौघांच्या आयांना शब्द देऊन आलाय. म्हणून कागदांची एवढी धास्ती घेतो म्हणे. असल्या हळव्या माणसाच्या हाती सुकाणू देणं धोक्याचं. हेही रिपोर्टात.

१४ मार्च. विषुववृत्त.
लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागाने.

खलाशांची रीत आहे म्हणे. जो पहिल्यांदा विषुववृत्त ओलांडतो त्याची समुद्रराजासमोर दीक्षा. मी म्हणालो, मी मोहीमप्रमुख आहे. ओनेन म्हणाला, समुद्राला ते कळवलंय का? उब्बो दोरखंडाची दाढी लावून राजा झाला. ओनेन न्हावी. तोंडाला डांबर आणि सडका हेरिंग मासा फासला, लाकडी वस्तऱ्याने खरवडलं, मग मान धरून पिंपात तीनदा बुचकळलं. तिसऱ्या वेळी त्याने मला जरा जास्तच वेळ आत ठेवलं. मी मोजत होतो. ल्यूडिकेचीही तीच गत, पण तो मूर्ख हसत होता.

रात्री कळलं ते भयंकर आहे. पुढच्या वेळी विषुववृत्त ओलांडताना पुरावा दाखवावा लागतो, नाहीतर दीक्षा पुन्हा. आम्हाला परतीच्या वाटेवर ओलांडायचंच आहे!

१५ मार्च.
पुराव्याची सोय केली. दोन सर्टिफिकेटं, माझ्या सुंदर अक्षरात. एक मला, एक ल्यूडिकेला, एकमेकांच्या सह्यांनिशी, म्हणजे दोघांचा दोघांना आधार. कुणी शंका घेऊ नये म्हणून सगळा तपशील घातला: नाव, हुद्दा, तारीख, रेखांश, जर्मन नौदलाची 'एल्फ्रीडे', तूर्त 'साओ ब्राझ' या नावाने. चारी बाजूंनी डॉल्फिन काढले.

ओनेनने बघितलं आणि पांढराफटक पडला. मग ओरडला नाही, विनवायला लागला. ओनेन, विनवणी! म्हणाला, साहेब, पाया पडतो, हे पाण्यात टाका. साक्षीला मी आहे ना? पुन्हा कुणी विचारलं तर मी सांगेन की याला मीच बुडवलाय. माझा शब्द घ्या.
मी म्हणालो, कोळ्याचा शब्द म्हणजे दस्तऐवज नव्हे. पण चारचौघांत तमाशा नको म्हणून त्याच्यासमोर एक कागद फाडून समुद्रात टाकला. कच्चा मसुदा होता. खरं सर्टिफिकेट याच वहीत आहे. ल्यूडिकेला सांगितलं, तुझं नीट जप, नातवंडांना दाखवायला होईल. त्याने कोटाच्या अस्तरात शिवून घेतलं. माणूस तसा समजूतदार आहे.

२८ एप्रिल.
मोहीम फत्ते! ल्यूडिकेला रबरी होडीतून किनाऱ्यावर सोडलं. बर्लिनने शिकवल्याप्रमाणे त्याने खिसे तीनदा तपासले. अस्तर कुणी तपासतं का?
बोट उत्तरेला वळवली. ओनेन सुकाणूवर चक्क शीळ घालत होता. चौघांना म्हणाला, बटाट्यांच्या आधी पोचतो. मलाही चहा दिला. घेतला. खडीसाखर दोन खडे.
प्रमोशननंतर ओनेनला माफ करण्याचा विचार आहे.

६ मे. सकाळी १०.
इंग्रज युद्धनौका. थेट आमच्याकडेच येतेय. घाबरायचं कारण नाही, पोर्तुगीज भाषेची पुस्तिका मी नऊ पानांपर्यंत वाचली आहे.

दुपारी ३.
कोठडीत, मागून घेतलेल्या सुट्या कागदावर लिहितोय.

एक तरुण अधिकारी चढला. मी पोर्तुगीजमध्ये सुप्रभात म्हणालो. त्याने उत्तम जर्मनमध्ये विचारलं की लेफ्टनंट वीप्रेख्ट आपणच ना? आणि खिशातून ल्यूडिकेचं सर्टिफिकेट काढलं. ल्यूडिकेला उतरल्यापासून तिसऱ्या दिवशी एका शेतावर पोलिसांनी धरलं होतं. बोटीचं नाव, खोटं नाव, माझी सही, सगळं होतं. अधिकारी म्हणाला, डॉल्फिन फार छान जमलेत. मग झडती. वही सापडली, वहीत दुसरं सर्टिफिकेट.

ओनेनने ते माझ्या वहीतून निघताना पाहिलं. मला वाटलं मारतो आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता डेकवर बसला आणि म्हणाला, त्यांच्या आयांना मी काय सांगू?
चूक सर्वस्वी ल्यूडिकेची. शिवण कच्ची असणार.

१ जून. केपटाउन.
आम्हाला कैदी म्हणून जहाजाने इंग्लंडला नेणार. तपासणी संपली. सर्टिफिकेटं त्यांनी पुरावा म्हणून ठेवून घेतली. रोजनिशी परत केली. लष्करी दृष्ट्या यात महत्त्वाचं काहीही नाही, असा शेरा मारून.
दुभाष्याला म्हणालो, पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचा. तो म्हणाला, दोनदा वाचली, दुसऱ्यांदा सगळ्या ऑफिसला वाचून दाखवली.

ओनेन आणि चौघे माझ्याशी बोलत नाहीत. मीही पूर्वीपासूनच बोलत नाही.

११ जून. समुद्रावर. दुपारी ४.
आज विषुववृत्त.

रीत इंग्रजांचीही तीच. डेकवर पिंप, काथ्याच्या दाढीतला राजा, लाकडी वस्तरा. नव्या खलाशांना बुचकळून झालं, मग राजा आम्हा कैद्यांकडे वळला. दुभाष्याने सांगितलं की ज्याची दीक्षा झाली असेल त्याने पुरावा दाखवावा. ओनेन आणि चौघांना कुणी विचारलंच नाही. त्यांचे हात बघूनच कळलं.

मी म्हणालो, माझा पुरावा आपल्याच अधिकाऱ्यांकडे जमा आहे. सगळं जहाज हसलं. राजाने विचारलं, मग साक्षीदार? मी ओनेनकडे बोट दाखवलं. मार्चमध्ये वस्तरा त्याच्याच हातात होता, मान त्यानेच धरली होती, शब्दसुद्धा त्याने आपणहून दिला होता.

ओनेन इंग्रजांचा चहा पीत बसला होता. त्याने कप खाली ठेवला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग दुभाष्याला म्हणाला, नाही. हा माणूस आजवर समुद्रावर आलेलाच नाही.
चौघांनी माना डोलावल्या.

पिंप इंग्रजांचं होतं, पण मान धरायला ओनेन स्वतः उठला. तीनदा. या वेळी मी मोजलं नाही.