वर-या साहेबाचं एकच खोटं

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (डोक्यावर हेल्मेट होतं, त्यामुळे कपाळ काही जमिनीला टेकलं नाही. तेवढं सांभाळून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला अजूनही त्यांच्या आधी घरात शिरतो का? मी इकडे ठणठणीत आहे. वजन वाढलं नाही, केस वाढले नाहीत, ओळखी तर मुळीच वाढल्या नाहीत.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, की तुझं काम नेमकं असतं तरी काय. तर ऐक. जमिनीत नळ घालायला लांबच लांब चर खणतात, त्यात माणसं उतरतात आणि मी काठावर उभा राहून "वर या" म्हणतो. एवढंच काम. बाजूंना फळ्या आणि टेकू नसले की वर या, शिडी माणसांपासून दूर असली की वर या, उपसलेली माती अगदी काठावर रचली असली की वर या. त्यामुळे साइटवर माझं नावच 'वर-या साहेब' पडलंय. मी येताना दिसलो की हसणं थांबतं, (शिव्याही थांबतात, पण त्या मी गेल्यावर दुपटीने भरून निघतात) आणि जेवायच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी फिरकत नाही. अपवाद फक्त नळमिस्त्रीचा. हा माझ्याच वयाचा, अबोल माणूस. डबा संपला की आम्ही वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचो. आडवे शब्द माझे, उभे त्याचे. त्यापलीकडे फारसं बोलणं नाही. पण ताई, दिवसाकाठी कुणीतरी आपल्याला "सहा अक्षरी, शेवटी 'र'" असं विचारतं, हेही काही कमी नसतं.

तर तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. सकाळी मी चराच्या काठाने चालत गेलो, तर काठापासून हातभर अंतरावर जमिनीला एक बारीक भेग पडलेली. बोट घातलं, दोन पेरं आत गेलं. चर दहा फूट खोल, बाजूंना एकही फळी नाही आणि आत सहा माणसं. मी इंजिनियरला गाठलं. तो म्हणाला, "फळ्या उद्या येतायत." मी म्हटलं, "मग माणसंही उद्याच उतरतील." (हे वाक्य मला ऐनवेळी सुचलं याचं माझं मलाच नवल वाटलं. एरवी मला अशी उत्तरं घरी पोचल्यावर सुचतात.) तो हात झटकून निघून गेला. मी चराशी येऊन हाक मारली आणि पाच जण कुरकुरत वर आले. सहावा, म्हणजे आपला नळमिस्त्री, खालूनच म्हणाला, "एकच सांधा राहिलाय. दहा मिनिटं."

मी विनवलं, दरडावलं, नियम वाचून दाखवला. एक घनमीटर माती म्हणजे एका छोट्या मोटारीचं वजन, हेही सांगितलं. तो म्हणाला, "मोटार आली की हॉर्न वाजवा." वरचे पाचही जण खो-खो हसले. आणि तेवढ्यात भेगेतून चिमूटभर माती त्याच्या खांद्यावर सांडली. त्याने ती शर्टावरची धूळ झटकावी तशी झटकली. त्याची लेक दिवसांत होती, हे मला ठाऊक होतं. मी ओरडलो, "अहो, घरून फोन आलाय! तुमची लेक बाळंत झाली! मुलगी झाली!"

ताई, तू मला ओळखतेस. शाळेत सगळ्यांनी दांडी मारली तेव्हा खरं सांगून एकटा मार खाल्लेला मी. पण खोटं असं सुरेख निघालं, की बाळाचं वजनही सांगितलं असतं. मिस्त्रीच्या हातातला पाना गळून पडला. दोन-दोन पायऱ्या गाळत तो शिडीने वर आला आणि त्याने मला कडकडून मिठी मारली. मला इतक्या आनंदाने शेवटची मिठी कुणी मारली होती, हे मी अजून आठवतोय.

मग तो मला सोडून फोन लावायला लागला, आणि मागे नुसता 'धप्प' आवाज झाला. काठाचा भलामोठा तुकडाच आत कोसळला. सांधा, पाना, शिडीचा खालचा अर्धा भाग, सगळं गडप. तेवढ्यात फोनच्या पलीकडून लेकीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "काय बाबा, अजून दोन-तीन आठवडे आहेत! एवढी कसली घाई?" मिस्त्रीने फोन ठेवला. चराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दुसरं काही सुचलं नाही?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी फळ्या आल्या, टेकू आले, नव्या शिड्या आल्या. इंजिनियर आता मला आधी विचारून मगच माणसं उतरवतो. अहवालात 'कामगार बाहेर कसा आला' असा रकाना होता, तिथे मी 'शिडीने' असं लिहिलं. ते खरंच आहे. मिस्त्री मात्र तेव्हापासून सिमेंटच्या गोण्यांमागे बसून जेवतो. वर्तमानपत्र तिकडेच. आडवे शब्द कोण सोडवतं, देव जाणे. दुसरं काय सुचायला हवं होतं, यावर मी रोज विचार करतो. तीन आठवडे झाले, अजून काही सुचलेलं नाही. तो जिवंत आहे आणि माझ्याशी बोलत नाही. दोन्ही गोष्टी माझ्यामुळेच. त्यातली पहिली आठवून मी डबा संपवतो.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : काल त्याची लेक खरोखर बाळंत झाली. मुलगीच झाली. (म्हणजे माझं निम्मं बोलणं खरं ठरलं, पण हा मुद्दा मी कुणापुढे मांडलेला नाही.) त्याने सगळ्यांना सांगितलं, मला वॉचमनकडून कळलं. तू लोकरीचं टोपडं विणून देशील का? रंग कुठलाही चालेल. देताना काय बोलायचं तेही लिहून दे.

ता. क. २ : टोपडं टपालाने पाठवू नकोस. टपालाचा काही भरवसा नाही. (हे पत्र मात्र नक्की पोचेल.) तूच घेऊन ये. चार दिवस राहा. आठ राहिलीस तरी चालेल. खोलीत एकच खुर्ची होती, दुसरी कालच आणून ठेवली आहे.